हातगुण

यंत्रावर नारिंगी शून्यं ओळीनं पेटली आणि भागिरथीनं हात झटकन ओढून घेतला.

"गेली का?" पलीकडच्या टेबलावरून मच्छिंद्रनं मान वर न करता विचारलं.

"गेली."

"याद गेली हो साहेब," त्यानं आतल्या खोलीकडे तोंड करून हाळी दिली. "म्हाताऱ्याची."

म्हातारा म्हणजे साखर कारखान्याच्या ऊस-कचेरीतलं हिशेबाचं यंत्र. शिवणयंत्रापेक्षा थोडं थोरलं, राखाडी पत्र्याचं, टेबलावर मावणारं. मुंबईच्या एका कंपनीनं काही वर्षं वापरून कारखान्याला दिलेलं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण कचेरीत सगळे त्याला काम्पुटर म्हणत आणि बिघडला की म्हातारा. उसाचं वजन, उसाची जात, तोडणीची टोळी, गाडीचं अंतर असे आकडे त्याला दिले की ते सगळं जुळवून कागदाच्या पट्टीवर टकटक छापून बाहेर टाकायचं. मेमरी मात्र तोकडी होती. म्हणून दिवाळीत पुण्याच्या गद्रे इंजिनिअरांनी येऊन आत एक नवी पाटी बसवून दिली आणि मेमरीचे कप्पे एकदम वाढले. सगळे दर एकदा भरून ठेवायचे, रोज नव्यानं सांगायला नको.

पहिले काही दिवस बरे गेले. मग थंडी पडली आणि नव्या कप्प्यांतले आकडे जायला लागले. जुने कप्पे जागच्या जागी. नव्यांत कधी शून्यं, कधी भलतेच आकडे. मग सगळं पुन्हा भरायचं, पुन्हा तपासायचं. तोवर खिडकीबाहेर टोळ्यांचे मुकादम खोळंबलेले. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. हवा इतकी कोरडी की ओठ फुटायचे आणि कागद हातात कडकडायचे. ऊसही थोडाच येत होता, तरी खिडकीवरचा गोंधळ काही कमी नव्हता.

यंत्रावर भागिरथी बसायची. सोनईच्या बौद्धवाड्यातली ती पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. टायपिंगच्या परीक्षेत पहिली आली म्हणून कारखान्यानं घेतली आणि गेल्या हंगामात यंत्र आलं तेव्हा त्याच्यावर बसवली. नोकरी अजून कच्चीच होती. मध्ये श्रावणात मुलगी झाली, यशोधरा, घरातली यशी. दिवाळीनंतर यशी सासूच्या मांडीवर ठेवून भागिरथी कामावर परत आली. नवरा पुंजाराम कर्जतकडे दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला होता. बाजाराच्या दिवशी यायचा, दुसऱ्या दिवशी जायचा.

गद्रे तिसऱ्यांदा आले ते पौषातल्या एका सकाळी, एस.टी.नं, हातात अवजारांची पेटी आणि गळ्यात मफलर. तिशीच्या आतले. माणसाशी बोलतानाही यंत्राकडेच बघणारे.

"मागच्या खेपेला विजेचा दाब सांभाळायची पेटी लावून दिली होती. तरी जातंय?"

"जातंय," भागिरथी म्हणाली.

त्यांनी झाकण उघडलं. धूळ पुसली. नवी पाटी उपसून तिच्या कडेचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबरानं घासले, फुंकर मारली, पुन्हा घट्ट बसवली. भागिरथी शेजारी उभी राहून बघत होती.

"ही तुमची जुनी मेमरी." त्यांनी चिमट्यानं आतली एक चौकट दाखवली. केसाएवढ्या तारांची जाळी, आणि तारेला तार मिळते तिथं मोहरीहून बारीक काळा मणी.

"गळ्यातल्या पोतीसारखी आहे."

"हो. हातानं ओवलेली असते. तिकडे परदेशातही बायकाच ओवतात. हिला काही होत नाही. नवी जरा नाजूक आहे." नव्या पाटीवर झुरळाएवढे काळे तुकडे ओळीनं बसवलेले होते, दोन्ही बाजूंना पाय असलेले.

भागिरथीला मणी आवडले. आपण रोज ज्याच्याशी बोलतो त्याच्या पोटात पोत आहे, हे घरी सासूला सांगायचं तिनं मनाशी ठरवलं.

दुपारपर्यंत गद्रे स्वतः यंत्रावर बसले. एकदाही काही गेलं नाही. मग मच्छिंद्रला बसवलं. त्यानं कोंबडी दाणे टिपते तसे एका बोटानं आकडे दाबले, उठला, बसला, पट्टी फाडली. काही गेलं नाही.

"बसा बाई," गद्रे म्हणाले.

भागिरथी बसली. आकडे भरले, तपासले. पट्टी फाडायला उठून वाकली, यंत्राच्या पत्र्याला बोट टेकलं आणि शून्यं.

पुन्हा मच्छिंद्र. काही नाही. पुन्हा गद्रे. काही नाही. पुन्हा ती. शून्यं.

"बाईंचा हातगुणच तसा दिसतोय," मच्छिंद्र म्हणाला.

गमतीनंच म्हणाला होता. गेल्या हंगामात तिच्या पट्ट्या बिनचूक निघायच्या तेव्हाही तो हाच शब्द वापरायचा. डॉक्टरला असतो तसा बाईंना हातगुण आहे, म्हातारा बाईंचं ऐकतो. तेव्हा सगळे हसायचे, तीही हसायची. आता कुणी हसलं नाही. मच्छिंद्रचा चेहरा पडला. त्यानं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. कचेरीत भागिरथीचं घर कुठल्या आळीतलं हे कुणी कधी बोलत नसे. चहा एकाच किटलीतला, कप सगळ्यांचे सारखे. कचेरीच्या मोठ्या साहेबांनी, आबासाहेबांनी, पहिल्याच दिवशी तसं बजावलं होतं. त्यामुळे बोलायची वेळच कधी आली नव्हती. आता जो तो आपल्या टेबलावरच्या कागदात बघायला लागला.

"म्हणजे?" गद्र्यांनी विचारलं. ते परगावचे. त्यांना खरंच कळलं नव्हतं.



आबासाहेब बाहेर आले. कचेरीचे सुपरिंटेंडेंट, पन्नाशीचे, पांढरंशुभ्र धोतर, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी यंत्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"बाई, गैरसमज करून घेऊ नका," ते म्हणाले. "आपल्याकडं असलं काही कुणी मानत नाही. मी तर मुळीच मानत नाही. पण ते पडलं यंत्र. त्याला आपण काय समजावून सांगणार? थोडे दिवस तुम्ही आवक-जावक बघा. मच्छिंद्र बसेल इथं."

"साहेब, मला कुठं..." मच्छिंद्र म्हणाला.

"शिकशील."

तो शिकला की आपण आवक-जावकच्या टेबलावरच राहणार, हे भागिरथीला कळत होतं. पाकिटं फोडायची, शिक्का मारायचा, गठ्ठे बांधायचे. त्याला कुणीही चालतं. आणि का हलवलं, हे पुढच्या हंगामापर्यंत पार गेटवरच्या चहावाल्यालाही ठाऊक होणार, न बोलता. थोडे दिवस म्हणजे किती, हे तिला विचारायचं होतं. तिनं यंत्रावरचं पुसायचं फडकं घडी करून ठेवलं आणि "बरं साहेब" म्हणाली.

मधल्या सुट्टीत सासू, साळूबाई, यशीला घेऊन सायकल-स्टँडच्या भिंतीमागं आली. रोज यायची. भिंतीच्या सावलीत पोतं टाकून भागिरथी पाजायला बसायची आणि सासू वाटेकडे तोंड करून आडोशाला उभी राहायची.

"आज लई वेळ केलास. पोर वरडून वरडून दमली."

"काम हुतं."

"आन तोंड का आसं?"

"काही न्हाई."

"बोटांला मुंग्या येत्यात का आजून?"

"येत्यात कधी कधी."

"यनारच. वल्या अंगानं कामाला लागलीस. डोकं बांध म्हनलं तर बांधत न्हाईस. वारं शिरलंय." साळूबाईनं कनवटीची पुडी काढून तिच्या हातावर बाळंतशोप ठेवली. "चाव."

थंडी पडल्यापासून भागिरथीच्या बोटांच्या टोकाला मधूनच काहीतरी चावल्यासारखं व्हायचं. कपाटाची कडी धरताना, नळाची तोटी धरताना. सासूनं ते बाळंतपणातलं वारं ठरवलं होतं, आणि तिनंही.

संध्याकाळी कारखान्याच्या कॉलनीतल्या खोलीत चूल पेटलेली होती. यशी चटईवर पालथी पडून मान उचलत होती. आईला बघून तिनं दोन्ही हात पुढं टाकले. भागिरथी मोरीवर गेली, तांब्यानं पाणी घेऊन हात धुतले. पोरीकडे आली, वाकली, आणि परत मोरीवर गेली. साबण लावून, नखांच्या कडा घासून, पुन्हा धुतले.

"किती धुतीस?" चुलीपुढून साळूबाई म्हणाली. "पानी उद्या येतंय का परवा, म्हाईत न्हाई. जरा पुरवून वापर."

"शाई लागलीय."

शाई लागलेली नव्हती. मोरीवरच उभी राहून ती आपले हात बघत होती, उलटे, सुलटे. तिची आई भीमाबाई सोनईला असायची. आपल्या हातानं कशाला काही होत नाही, होतं म्हणणं ही जगाची खोड आहे, असं आईनं तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं, आणि तिनं ते पाढ्यासारखं पाठ केलं होतं. माणसं खोटं बोलतात, हे तिला ठाऊक होतं. पण यंत्राला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तिनं पदराला हात पुसले, पोरीला उचललं, आणि उचलताना तिला काखेत धरलं, तळहात न लावता, मनगटांवर तोलून. मग आपण काय करतोय ते तिच्या लक्षात आलं. पोरगी आपली हसत होती, बोळक्यातून लाळ गळत होती.

दुसऱ्या दिवशी गद्रे तिच्या नव्या टेबलापाशी आले. रात्री गेस्ट हाऊसवर राहिले होते, दाढी केलेली नव्हती.

"बाई, एक विचारू? यंत्राला हात लागला की बोटाला काही जाणवतं का?"

"नाही," ती म्हणाली.

"चटका? टोचल्यासारखं?"

"नाही."

पुण्याच्या परक्या माणसाला बाळंतपणातलं वारं कसं सांगायचं? शोप, डोक्याला फडकं, ओलं अंग. तिनं पुढचं पाकीट फोडलं. गद्रे वळून बाहेर पडवीत गेले.

मच्छिंद्रचं आज यंत्रावर काही जमत नव्हतं. चुकलेला आकडा काढायचा कसा, हे त्याला आठवेना.

"बाई, जरा येता का? हे काय पोटात घालून बसलंय, बाहेर टाकीना."

ती गेली. टेबलापासून हातभर लांब उभी राहिली. "डावीकडचं लाल बटण दाबा. नाही, त्याच्या वरचं. आता कप्प्याचा नंबर द्या. आता नवा आकडा."

"तुम्हीच दाबा की."

"नको. तुम्ही दाबा."

तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडलेलं. सोनईच्या दुकानाच्या पायरीखाली आई अशीच उभी राहायची. काय हवं ते सांगायची, वाणी पुडी वरून ओच्यात टाकायचा. लहानगी भागिरथी तेव्हा आईच्या लुगड्याला धरून असायची. पुढं तो वाणी बदलला, दिवस बदलले, आणि ती शाळेत जाऊन ते विसरली होती. म्हणजे तिला तसं वाटत होतं. हात मात्र आपोआप मागं गेले होते, कुणी सांगितलं नसताना.

तिनं हात सोडवले. गद्रे बाहेरच्या पडवीत विजेची तार तपासत बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जाणवतं," ती म्हणाली. "मघाशी मी नाही म्हटलं. मुंगी चावल्यासारखं होतं. कपाटाच्या कडीलापण."

गद्र्यांनी तार खाली ठेवली. "कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून. घरी म्हणतात वारं आहे." मग जमिनीकडे बघत तिनं वाक्य पुरं केलं. "बाळंतपणातलं."

गद्र्यांचे कान लाल झाले. पण ते हसले नाहीत. "खुर्चीवरून उठल्यावर होतं का?"

तिनं आठवून बघितलं. "हो. उठल्यावरच."

त्यांनी दारातून आतल्या खुर्चीकडे बघितलं. रेक्झिनची गादी असलेली खुर्ची. मग तिच्या साडीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "ही... साडी कशाची म्हणायची?"

"नायलॉनची."

"रोज अशीच असते?"

"दोन आहेत. दोन्ही नायलॉनच्याच."

"गेल्या हंगामातही?"

"नाही. तेव्हा सुती नेसायची."

"कंगवा केसांत घासून कागदाचे कपटे उचलायचे, शाळेत केलंय का कधी?"

"केलंय."

"तेच होतंय. नायलॉन त्या गादीवर घासलं की अंगात वीज साचते. हवेत ओल असली तर आपोआप जिरून जाते. यंदा ओलच नाही. तुम्ही उठता, पत्र्याला बोट लागतं आणि सगळी तिथून आत शिरते. जुन्या मण्यांना तिचं काही वाटत नाही. नवी पाटी घाबरते. त्यात वीज जमिनीत उतरवणारा तो अर्थिंगचा खड्डा बघा, माती वाळून ढेकूळ झालंय. महिना-दोन महिने कुणी पाणी घातलेलं नाही."

"म्हणजे हाताचं नाही."

"जाते हातातूनच. पण हात तुमचाच असायला हवा, असं नाही."

हे वाक्य तिनं मनात दोनदा म्हणून बघितलं. "मग साहेबांना सांगा. आत्ताच."

"आत्ता सांगितलं तर नुसतं बोलणं होईल. उद्या दाखवू. उद्या सुती नेसून या."

नायलॉन तिनं हौसेनं घेतलं नव्हतं. यशी झाल्यापासून दहा वाजून गेले की दूध दाटायचं. पोलक्याच्या आत फडकी ठेवली तरी पुरत नसत. सुती पदरावर त्याचे गडद डाग उमटून दुपारपर्यंत तसेच राहायचे. पहिल्याच दिवशी तसं झालं होतं आणि सबंध दिवस तिनं छातीशी फाईल धरून काढला होता. फुलाफुलांच्या नायलॉनवर डाग कळत नव्हता, पंख्याखाली बसलं की सुकायचा, आणि धुवायला तांब्याभर पाणी पुरायचं. हे या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"जमणार नाही का?" गद्र्यांनी विचारलं.

"जमेल," ती म्हणाली. जायला वळली आणि थांबली. "नायलॉनचीपण बरोबर आणते. ती मच्छिंद्रभाऊंच्या अंगावर टाकून बघा."

दुसऱ्या दिवशी ती निळं सुती पातळ नेसून आली, लग्नातलं. आबासाहेब खोलीतून बाहेर येऊन उभे राहिले. बाकीचे कामात असल्यासारखे दाखवत होते. ती खुर्चीवर बसली. सगळे दर भरायचे, सगळे तपासायचे, मग उठायचं, हात लावायचा, पुन्हा बसायचं. गद्र्यांना ते पुन्हा पुन्हा व्हायला हवं होतं. एकदा राहिलं याला काही अर्थ नाही, म्हणाले, राहातच राहिलं पाहिजे.

आकडे राहात राहिले.

दहा वाजून गेले. तिला आधी ऊब जाणवली, मग ओल. फडकं भिजलं, पोलकं भिजलं. खाली न बघताही पदरावर डाग कुठवर आलाय ते तिला कळत होतं. डावा हात बटणांवर होता, उजवा पट्टीवर. पदर ओढायचा तर हात उचलायला हवा, आणि मध्येच हात उचलला की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. मच्छिंद्रची नजर तिकडे गेली आणि झटकन छताकडे गेली. आबासाहेब खिडकीशी जाऊन बाहेरची गाड्यांची रांग बघायला लागले. गद्रे आकड्यांवरून नजर काढत नव्हते. त्यांनी काही बघितलं नसावं, किंवा बघितलं असेल. भागिरथीचे कान तापले होते. तिनं शेवटचा कप्पा तपासला.

"सगळे जागेवर आहेत," ती म्हणाली.

"आता मच्छिंद्रभाऊ," गद्रे म्हणाले.

तिनं पिशवीतून साडी काढून दिली. मच्छिंद्रनं ती खांद्यावरून घेतली, कमरेभोवती गुंडाळली, खुर्चीवर बसून ऐसपैस घासला. "डोईवरून पदर घेऊ का साहेब? थोरल्यांच्या पुढं आहे मी," तो म्हणाला आणि सगळी कचेरी हसली. आबासाहेबही हसले. मच्छिंद्र लाजल्याचं सोंग करत उठला आणि पत्र्याला बोट लावलं. टच्च असा बारीक आवाज झाला. त्यानं हात झटकला.

नारिंगी शून्यं.

"आयला," तो हळूच म्हणाला आणि आपल्या बोटाकडे बघत राहिला. "म्हणजे माझाबी..." पुढचं त्यानं गिळलं.

"कुणाचाही," गद्रे म्हणाले आणि पेटी आवरायला लागले. टेबलाच्या कडेला तांब्याची पट्टी ठोकतो, यंत्राला शिवायच्या आधी ज्यानं त्यानं तिला हात लावायचा. खुर्ची बदला, लाकडी द्या. खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाका.

"बादलीभर?" मच्छिंद्र म्हणाला. "आमच्या आळीत घरटी एवढं येत नाही. म्हाताऱ्याचं नशीब आहे राव."

आबासाहेब भागिरथीजवळ आले. नजर तिच्या चेहऱ्यावर, जरा वरच, कपाळावर ठेवून ते म्हणाले, "झालं तर मग. तुमची जागा तुमची. आमच्या मनात तसं काही नव्हतंच, बाई. तुम्हालाही ठाऊक आहे ते."

"हो साहेब."

"तुमच्याही मनात काही ठेवू नका."

तिनं मच्छिंद्रकडून साडी घेतली. त्याच्या अंगानं कोमट झालेली होती. तिनं तिची घडी केली, पिशवीत ठेवली. जागा परत मिळाली होती, आणि दोष कशाचा तेही सगळ्यांसमोर निघालं होतं. मोकळं मोकळं वाटायला हवं होतं. पण मनात काही ठेवू नका, हे शब्द आत कुठंतरी अडकले होते. आबासाहेबांच्या मनात काही असेल-नसेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिच्या स्वतःच्या मनात होतं. मोरीवर, साबणाच्या फेसात, ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

सायकल-स्टँडच्या भिंतीमागं साळूबाई थांबलेली होती. सुनेचं पातळ बघून म्हणाली, "आगं, पार भिजलीस की. आन आज हे का नेसलीस?"

"मुंग्या त्या साडीमुळं यायच्या. नायलॉनमुळं. वारं न्हाई ते."

"वारं न्हाई?"

"न्हाई. यंत्रबी तिच्यामुळंच बिघडायचं." यशीनं धसमुसळेपणानं तोंड लावलं आणि भागिरथीचा श्वास मोकळा झाला. "दोन दिस मला यंत्रावरनं काढलं हुतं आत्याबाई. माझा हात लागला की त्याची याद जायची. दुसऱ्या कुनाचा लागला की न्हाई."

साळूबाई वळली. एरवी ती पाजताना वळत नसे. "कोन काय म्हनलं?"

"कुनी काहीच म्हनलं न्हाई."

"मंग?"

"न म्हनताच समद्यांना कळलं."

साळूबाई खाली पोत्यावर टेकली. गुडघे मोडल्याचा आवाज झाला. तिनं नातीच्या तळपायावरून अंगठा फिरवला.

"आन तुला काय वाटलं हुतं?"

भागिरथीनं पोरीचं डोकं सावरलं. "वाटलं हुतं."

"काय?"

"आसंल म्हनून."

एवढं बोलून तिला वर बघवेना. सासू रागावेल, नाहीतर रडेल, असं तिला वाटलं. साळूबाईनं दोन्हीतलं काही केलं नाही.

"मी आजून दुकानात गेले की पिशवी फळीवर ठिवती आन मागं सरती," ती म्हणाली. "त्यो मानूस म्हनतो, आजी, हातात घ्या की. मला न्हाई जमत. घ्यावं वाटतं, पर हातच फुडं हुत न्हाई. आमच्या डोस्क्यातनं निघालं, हातातनं न्हाई निघालं. तू मॅट्रिक झालीस. मला वाटलं, तुझं तरी गेलं आसंल."

"मलाबी तसंच वाटलं हुतं."

"हं."

कारखान्याचा भोंगा झाला. कचेरीच्या खिडकीतून मच्छिंद्रनं हाक मारली, बाई, मुकादम थांबलेत, म्हातारा तुमची वाट बघतोय. यशीनं एका हाताची मूठ आईच्या पातळात घट्ट रुतवली होती आणि डोळे मिटून ती सावकाश ओढत होती. साळूबाई उठायला लागली.

"बसा आत्याबाई," भागिरथी म्हणाली. "तिचं होऊ द्या पोटभर. थांबतील ते."